फाटकाकडे तोंड केलेल्या गाड्या

यवतमाळात, गावाच्या जरा बाहेर, ट्रस्टचा एक मोठा दवाखाना होता. होता म्हणायचं, कारण आता त्याचं नावही बदललं आणि मालकही. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला लांबच लांब पत्र्याचं छप्पर लागायचं. पाटी होती ‘सायकल स्टँड’ची, पण सायकल तिथं महिन्यातून एखादी यायची, बाकी साऱ्या मोटारसायकली. हा स्टँड एकोणीस वर्षं पंजाबरावांनी सांभाळला.

पंजाबराव मूळचे आर्णीकडचे. घरी भावाभावांत कापूस-तुरीची शेती होती, पण ह्यांचा जीव काही तिच्यात रमला नाही. तरुणपणीच ते जिनिंगमध्ये कामाला लागले. तिथं पट्ट्यात सापडून डाव्या हाताची दोन बोटं गेली, आणि पुढं कापसाचे दिवस फिरले तसं जिनिंगलाही कुलूप लागलं. बोटं गेलेल्या माणसाला काम कोण देणार? दवाखान्याच्या स्टँडचा ठेका ज्याच्याकडं होता त्यानं दिलं. गाडीला बिल्ला अडकवायला तीन बोटं पुरतात, असं त्याचं म्हणणं होतं.

बिल्ले पितळेचे होते, जोडीजोडीचे. एक गाडीच्या हँडलला तारेनं अडकवायचा, त्याचा जोडीदार गाडीवाल्याच्या हातात द्यायचा. निघताना बिल्ला आणा, गाडी न्या. बिल्ला नसेल तर पंजाबराव प्रत्यक्ष बापालाही गाडी देत नसत. माणूस तसा तिरसटच. सकाळी चहा मिळेपर्यंत कुणाशी नीट बोलायचा नाही, आणि चहा मिळाल्यावर भांडायला मोकळा. पण गाड्यांवरची नजर मोठी पक्की. कुठली गाडी कुठल्या गावची, तिचा पेशंट कुठल्या मजल्यावर, हे त्यांना न विचारता ठाऊक असे.

त्यांच्या हातून एकदा एक गोष्ट घडली होती. झरी जामणीकडचे एक मास्तर. बायको बाळंतपणाला आणलेली, ती गेली. मास्तर खाली आले, गाडीजवळ उभे राहिले आणि खिसे चाचपू लागले. बिल्ला सापडेना. पंजाबरावांना काय माहीत! त्यांनी आपल्या रीतीप्रमाणं तीनदा खेकसून विचारलं, “बिल्ला कुठं हाये? पयले बिल्ला दाखवा.” मास्तरांनी तशीच गाडी ओढायला घेतली. गाड्या दाटीनं लावलेल्या, तोंडं भिंतीकडं. एकीच्या धक्क्यानं दुसरी, दुसरीच्या धक्क्यानं तिसरी, अशा सहा-सात गाड्या आडव्या झाल्या. एका गाडीवाल्यानं शिवी दिली. मास्तरांनी त्याची माफी मागितली. पंजाबरावांची मागितली. नंतर तिथं जे कुणी उभं होतं त्या एकेकापुढं ते हात जोडत सुटले, “चुकलं माझं, चुकलं माझं,” म्हणत. तेवढ्यात मागून सासू रडत आली, तेव्हा कुठं पंजाबरावांना उलगडा झाला. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

तेव्हापासून त्यांनी एक रीत पाडली. तिसऱ्या मजल्यावर विमलताई नावाच्या आया होत्या. वर कुणी गेलं आणि डॉक्टरांनी नातेवाइकांना तसं सांगितलं, की विमलताई स्टँडकडं उघडणाऱ्या मागच्या खिडकीत येऊन उभ्या राहायच्या, पेशंटचं गाव सांगायच्या आणि हात जोडायच्या. मग पंजाबराव त्या घरची गाडी शोधून काढायचे, आजूबाजूच्या गाड्या सारून जागा करायचे, आणि ती गाडी वळवून तिचं तोंड फाटकाकडं करून ठेवायचे. हँडलवरचा बिल्ला आधीच काढून घ्यायचे. खाली आलेल्या माणसाला काही शोधावं लागू नये, ओढावं लागू नये, कुणाशी बोलावं लागू नये. किल्ली लावावी आणि निघावं. पैसे घ्यायचे नाहीत हे ओघानंच आलं.

असली रीत कुठं लपून राहते होय? ज्यांचे पेशंट पंधरा-पंधरा दिवस वर पडून असत त्यांनी ती हेरली. आयसीयूमध्ये नातेवाइकांना दिवसातून दोनदाच आत सोडत. मधल्या वेळेत जीव टांगणीला लागला की माणसं खाली यायची, स्टँडच्या टोकाला उभी राहून आपली गाडी बघायची आणि परत जायची. गाडीचं तोंड भिंतीकडं असलं म्हणजे सगळं ठीक. वरच्या डॉक्टरपेक्षा लोकांचा ह्या खालच्या भिंतीवर विश्वास जास्त. पंजाबरावांनाही ते कळत होतं. नव्या माणसाला ते स्वतःच सांगत, “तोंड भिंतीकडं हाये ना? मंग कायले घाबरता?” एवढं एक वाक्य मात्र ते खेकसून बोलत नसत.

कपाशीवर बोंडअळी पडली त्या सालची ही गोष्ट. पऱ्हाटी, म्हणजे कपाशीची झाडं, माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारा मारायचा म्हणजे हात वर करून मारायचा, आणि औषध पानांवर कमी, अंगावर जास्त पडायचं. पोळ्यानंतर माणसं यायला लागली. कुणाला दिसेनासं झालेलं, कुणाला ओकाऱ्या, कुणी बेशुद्ध. स्टँडवर गाड्या मावेनात.

त्यातच एका दुपारी फुलसावंगीकडच्या एका तांड्यावरून एक काळी मोटारसायकल आली. पुढं सेवादास, मध्ये त्याचा थोरला भाऊ रामधन, आणि रामधनला मागून आपल्या पदरानं स्वतःशी बांधून बसलेली त्याची बायको, बसंतीबाई. इतक्या लांबून ती तशीच बसून आली होती. पंजाबरावांनी गाडी हातात घेतली, म्हणाले, “तुमी जा वर, गाडीचं मी पायतो.” बिल्ला त्यांनी मागाहून सेवादासला नेऊन दिला.

रामधन आयसीयूमध्ये पडला. बसंतीबाई वऱ्हांड्यात राहिली. रोज सकाळी तोंड धुऊन ती आधी स्टँडवर यायची. काळी गाडी बघायची, मग पंजाबरावांकडं बघायची. पंजाबराव मान हलवायचे. पाचव्या-सहाव्या दिवशी ती पहिल्यांदा बोलली.

“काका, मले वाचता येत नाई. वर काचेवर कागद लावते, त्यातलं काई समजत नाई. पण तुमची गाडी समजते.”

“माही कुठं, तुहीच गाडी हाये ते,” पंजाबराव म्हणाले, आणि बाजूच्या टपरीवरून तिच्यासाठी चहा मागवला. त्यांनी कुणासाठी चहा मागवावा ही नवलाचीच गोष्ट. त्यांना लेक नव्हती. असती तर एवढीच असती, असं काही त्यांच्या मनात आलं असेल.

आणि नेमका ह्याच दिवसांत स्टँडचा ठेका बदलला. नवी कंपनी आली. तिचा सुपरवायझर मंदार म्हणून यवतमाळचाच मुलगा, वडील कोर्टात नोकरीला होते, नम्र, शिकलेला. त्यानं पितळी बिल्ले पोत्यात भरले आणि पंजाबरावांच्या हातात एक मशीन दिलं. एसटीच्या कंडक्टरकडं असतं तसंच, फक्त जरा मोठं. गाडीचा नंबर दाबला की दोन चिठ्ठ्या निघायच्या. एक गाडीवाल्याला, एक गाडीच्या हँडलला. चिठ्ठीवर उभ्या काळ्या रेघा. निघताना मशीनचा लाल उजेड त्या रेघांवर धरला की गाडी कधी आली, किती वेळ थांबली, पैसे किती, सगळं आपोआप.

सगळ्यांना वाटलं, म्हातारा मशीन फेकून देईल. पण पंजाबराव दोन दिवसांत तीन बोटांनी असे काही झपाझप नंबर दाबायला लागले की मंदारच बघत राहिला. खरं सांगायचं तर त्यांना ते मशीन आवडलं होतं. बिल्ला हरवल्याची भांडणं संपली, पोटाशी बिल्ल्यांची पिशवी बांधून हिंडणं संपलं. ज्याचं माणूस गेलं त्याच्या चिठ्ठीवर लाल उजेड पाडायचाच नाही, हा तोडगाही त्यांनी मनाशी काढून ठेवला होता.

घोडं अडलं ते दुसऱ्याच ठिकाणी. मंदारला रोज संध्याकाळी रांगेतून फिरत उभ्या गाड्यांच्या चिठ्ठ्या मशीननं तपासाव्या लागत. हँडल भिंतीकडं, म्हणजे प्रत्येक दोन गाड्यांच्या मधून अंग चोरत आत शिरा. म्हणून कंपनीनं नियम काढला, सगळ्या गाड्या वळवून लावायच्या. मागचं चाक भिंतीला, तोंड फाटकाकडं.

“हे जमत नाई,” पंजाबराव म्हणाले.

“का, काका?”

मग त्यांनी मंदारला सगळं सांगितलं. मास्तरांचं, विमलताईंचं, वऱ्हांड्यातल्या माणसांचं. मंदारनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. तो हसला नाही. हसला असता तर पंजाबरावांना भांडता तरी आलं असतं.

“काका, मला कळतंय तुमचं. पण हे मी वर कसं कळवू? गाड्या का वळवल्या नाहीत असं विचारलं तर काय लिहू?”

“लिहा, का म्हातारा आयकत नाई.”

“मग ते म्हणतील, दुसरा माणूस बघा.”

पंजाबराव मशीन उचलून फाटकाकडं निघून गेले. ह्याला शहाणपण म्हणायचं असेल तर म्हणा. मी म्हणतो, ते घाबरले. अठ्ठावन्न वर्षांचा, दोन बोटं नसलेला माणूस, त्याला दुसरीकडं कोण उभं करणार? आणि आपल्याला घाबरलेलं बघायची त्यांना सवय नव्हती. त्या दुपारी ते जास्तच मोठ्यानं ओरडत होते.

तरी सांगायचं काम त्यांनी सोडलं नाही. चार वाजता मशीन मंदारच्या हातात देऊन ते तिन्ही मजले चढले. वऱ्हांड्यात, जिन्यावर, पाण्याच्या टाकीजवळ, जिथं जिथं पेशंटची माणसं बसली होती तिथं जाऊन एकेकाला सांगितलं, “आजपासून साऱ्याच गाड्या फाटकाकडं तोंड करून राहतीन. मशीनपायी. त्याचा काई अर्थ नाई. कोणी घाबरू नका.” लोकांनी माना डोलावल्या. सेवादासही भेटला.

“तुही वहिनी कुठं हाये?”

“तांड्यावर गेली ना काका. पोरीले ताप हाये म्हने. परवा येईन. भियानं आज डोळे उघडले,” सेवादास हसून म्हणाला. भियानं म्हणजे भावानं.

“तिले फोन कर.”

“तांड्यात फोन लागत नाई. टेकडावर गेलं तं लागते. आली का मीच सांगतो तिले, टेन्शन नका घेऊ.”

संध्याकाळी पंजाबराव आणि मंदार दोघांनी मिळून साठ-सत्तर गाड्या वळवल्या. मंदारनं बाह्या सरसावून काम केलं, त्याच्या नावानं खोटं कशाला बोलायचं? काळी मोटारसायकल पंजाबरावांनी मुद्दाम शेवटी ठेवली होती. तिच्यापाशी येऊन ते उभे राहिले. बाकी सगळ्या रांगेत तिची एकटीची पाठ फाटकाकडं होती.

“ही एक राहिली, काका,” मंदार म्हणाला. त्याच्या आवाजात हुकूम नव्हता. दमला होता, घरी जायचं होतं.

ही राहू द्या दोन दिवस, एवढं म्हणायचं होतं. तेवढं एक वाक्य. मंदारनं राहूही दिली असती, तो तसा मुलगा होता. पण दुपारी एकदा ‘दुसरा माणूस बघा’ ऐकलं होतं, आणि बाई परवा येणार होती. पंजाबरावांनी हँडल धरलं आणि गाडी वळवली.

पोरीचा ताप उतरला म्हणून बसंतीबाई परवाची उद्याच आली.

सकाळचे दहा-साडेदहा झाले असतील. मशीनमध्ये कागद अडकला होता आणि फाटकात गाड्यांची रांग लागलेली, मागचे हॉर्न वाजवत होते. पंजाबराव मशीनचं झाकण उघडून नखानं कागद ओढत होते. बसंतीबाई कधी आत शिरली ते त्यांना दिसलं नाही. तिच्या हातात भाकरीची पिशवी होती. ती नेहमीच्या जागी गेली आणि तिनं नेहमीसारखी गाडी बघितली.

आजूबाजूच्या साऱ्या गाड्यांचीही तोंडं तशीच होती, हे तिला दिसलं नसेल का? नसेलच दिसलं. रोज ती एकाच गाडीकडं बघायची. बाकीच्या गाड्या तिच्या लेखी नव्हत्याच.

“याडी ये!” एवढीच किंकाळी पंजाबरावांना ऐकू आली. याडी म्हणजे आई. त्यांनी मान वर केली. बसंतीबाई गाडीपुढं गुडघ्यांवर बसली होती आणि दोन्ही मनगटं पुढच्या मडगार्डवर आपटत होती. हिरव्या काचा उडत होत्या.

मशीन हातातून टाकून पंजाबराव धावले. “बाई! बाई, जित्ता हाये तो! वर जित्ता हाये!” तिला काही ऐकू जात नव्हतं. तिनं कपाळावरचं कुंकू तळहातानं पुसलं, त्याला मनगटाचं रक्त लागलं. पंजाबरावांनी तिचे दोन्ही हात धरले. इतक्या वर्षांत त्यांनी कुणा परक्या बाईच्या हाताला हात लावला नव्हता.

“तुमी गाडी फिरवली ना काका,” ती म्हणाली. “तुमी फिरवली ना?”

“फिरवली. मीच फिरवली. पण मशीनपायी फिरवली वं माय! पाय, साऱ्याच फिरवल्या!”

तिला ते समजायला वेळ लागला. समजल्यावर ती आणखीच घाबरली. जमिनीवरच्या काचांकडं, आपल्या मोकळ्या हातांकडं बघत राहिली. जित्या नवऱ्याच्या नावानं बांगड्या फोडल्या होत्या तिनं. आता हे कुणाला सांगायचं, आणि न सांगून लपणार कसं?

विमलताईंनी तिला वर नेलं, मनगटांना पट्ट्या बांधल्या, कपाळाला स्वतःच्या डबीतलं कुंकू लावलं आणि वेळ नसतानाही आत सोडलं. रामधन शुद्धीवर होता. डोळ्यांना अजून धूसर दिसत होतं, म्हणून त्यानं चाचपत तिचा हात धरला. मनगटापासून कोपरापर्यंत बोटं फिरवली. “हात रिकामे काऊन?” असं त्यानं त्यांच्या बोलीत विचारलं. बसमध्ये गर्दी होती, फुटल्या, असं ती म्हणाली. हे सगळं विमलताईंनी खाली येऊन पंजाबरावांना सांगितलं. सांगितलं नसतं तर बरं झालं असतं.

दुपारी पंजाबराव बाजारात गेले आणि एक डझन हिरव्या बांगड्या घेऊन आले. माप माहीत नव्हतं. मनगट धरलं होतं त्या अंदाजानं घेतल्या. बसंतीबाईनं त्या परत पाठवल्या. रागानं नाही. हे चांगले होऊन घरी आले की त्यांच्यासमोर भरीन, असा निरोप होता.

पुढं तीन दिवस ती स्टँडवर आली नाही. पंजाबराव रोज सकाळी वाट बघायचे. काळ्या गाडीची धूळ पुसायचे, उगाच. मंदारनं विचारलं, “काका, ही गाडी तेवढी परत वळवून ठेवू का?” पंजाबराव म्हणाले, “आता कायले?”

चौथ्या दिवशी सकाळी रामधनला दम लागला. डॉक्टरांनी नळी घातली. बारा वाजायच्या सुमाराला विमलताई मागच्या खिडकीत आल्या. त्यांनी गाव सांगितलं नाही, नुसते हात जोडले.

पंजाबराव मशीन बाकड्यावर ठेवून रांगेत गेले. सवयीनं गेले. काळ्या गाडीजवळ पोचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की करण्यासारखं काहीच नाही. गाडीचं तोंड फाटकाकडंच होतं. सगळ्यांचंच होतं. पुढची वाट मोकळी होती. इतकी वर्षं जे काम त्यांना येत होतं ते आधीच होऊन बसलं होतं, त्यांच्याच हातानं, पाच दिवस आधी. ते हँडलला हात लावून नुसते उभे राहिले.

सेवादास कागदांसाठी वर अडकला होता. बसंतीबाई एकटी खाली आली. सावकाश चालत आली, पदर नीट घेतलेला, डोळे कोरडे. स्टँडच्या कडेला खांबाला टेकून बसली. पंजाबराव जवळ गेले. तिनं शिव्या द्याव्या, असं त्यांना वाटत होतं. तुम्हीच मारलं, म्हणावं. त्याची त्यांनी तयारी केली होती.

“काका,” ती म्हणाली, “रडूच येत नाई.”

पंजाबराव तिच्यासमोर खाली बसले.

“त्या दिवशी सारं रडून टाकलं इथं. आता वर त्याईनं सांगतलं, तं रडूच आलं नाई. डॉक्टर माह्या तोंडाकडं पायत राह्यला. तांड्यावर नेतीन, साऱ्या बाया गळ्यात पडतीन, अन् मी अशीच बसीन. लोकं म्हनतीन, बाईले नवऱ्याचं काईच नाई. काका, त्याच्या वाटचं रडनं मी तो जित्ता असतानीच रडून बसली.”

फाटकात गाड्या तुंबल्या होत्या, हॉर्न वाजायला लागले होते, कुणीतरी ‘ओ स्टँडवाले’ म्हणून हाका मारत होतं. मंदार ऑफिसातून तरातरा आला, दोघांना खाली बसलेलं बघून थबकला, आणि काही न विचारता बाकड्यावरचं मशीन उचलून स्वतःच फाटकात उभा राहिला.

पंजाबरावांनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि त्यांना हुंदका फुटला. तोंडावर हात ठेवला तर तीन बोटांतून तो आवरेना. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या देखत, तो तिरसट म्हातारा जमिनीवर बसून लहान पोरासारखा रडायला लागला. बसंतीबाई त्यांच्याकडं बघत राहिली. तिचे डोळे काही भरले नाहीत. तिनं पट्टी बांधलेला हात पुढं केला आणि त्यांच्या पाठीवरून फिरवू लागली.

“रडा काका,” ती म्हणाली. “तुमी तरी रडा त्याच्यासाठी.”